स्कॉटलंडच्या शेलतेलाचा हिशेब

कोळशापासून तेल काढण्याचे पेटंट जेम्स यंग यांनी 1850 मध्ये घेतले आणि त्यातूनच पुढे स्कॉटलंडच्या वेस्ट लोदियनमध्ये शेलतेलाचा धंदा उभा राहिला. 1962 मध्ये तो बंद पडला. विहिरींच्या स्वस्त तेलाने तो बुडाला, असे म्हणतात. पण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात विहिरीचे तेल 1859 पासूनच निघत होते, तरी हा धंदा शंभर वर्षे तगला. तो कसा तगला, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. या शेल खडकात तयार तेल नसतेच. असते ते केरोजेन हे घन सेंद्रिय द्रव्य. भट्टीत सुमारे 500 अंश सेल्सियसला त्याचे मोठे रेणू तुटतात आणि तेलाची वाफ निघते. भूगर्भाने लाखो वर्षांत फुकट केलेले काम इथे इंधन जाळून करावे लागते. हा खर्च पेलला तो जोडउत्पादनांनी. पॅराफिन मेणाच्या मेणबत्त्या खपल्या. भट्टीत पाण्याची वाफ सोडल्यावर शेलमधल्या नायट्रोजनपासून जास्त अमोनिया मिळाला आणि त्याचे अमोनियम सल्फेट खत म्हणून विकले गेले. पुढे कारखान्यांत कृत्रिम अमोनिया बनू लागला, तेव्हा हा आधारही खचला. म्हणून शेलतेलाच्या कोणत्याही नव्या योजनेला पहिला प्रश्न उष्णतेच्या खर्चाचाच विचारला पाहिजे.