फॉर्मल नाइटचा काळा कोट : ड्रेस कोड नेमका कोणासाठी?

परदेशी क्रूझच्या माहितीपत्रकात 'फॉर्मल नाइट' हा शब्द अनेकदा दिसतो. त्या संध्याकाळी पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालायचा, स्त्रियांनी गाऊन किंवा तसाच समारंभी पोशाख. जीन्स, हाफ पँट, चप्पल घालून मुख्य भोजनगृहात यायचे नाही. यावर कोणी बोट ठेवले की उत्तर तयार असते : "ही साधी शिस्त आहे, यात कसला आला भेदभाव?" या उत्तराची तपासणी इतिहासाच्या आधारे केली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या सरदार-जमीनदार घराण्यांत रोज रात्री जेवणासाठी कपडे बदलण्याची रीत होती. 1860 च्या दशकात लंडनच्या शिंप्यांकडे आखूड डिनर जॅकेट तयार होऊ लागले. अमेरिकेत त्याला 'टक्सिडो' हे नाव मिळाले, ते न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क या 1886 साली उभ्या राहिलेल्या धनिकांच्या वसाहतीवरून. असा पोशाख रोज घालायचा तर इस्त्री करणारा नोकर हवा, मोठ्या ट्रंका हव्यात आणि रिकामा वेळ हवा. म्हणजे हा माणूस हाताने काम करत नाही, हे त्याचा कोट न बोलता सांगत असे.

हीच रीत जहाजावर गेली. अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांवर पहिल्या वर्गाचे लोक रात्री सजून जेवायला बसत. पहिल्या आणि शेवटच्या रात्री मात्र सूट असे, कारण एकदा ट्रंका उघडलेल्या नसत आणि एकदा बांधून झालेल्या असत. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तळाच्या तिसऱ्या वर्गाला असा कोणताही ड्रेस कोड नव्हता. त्यांनी काय घालावे याची कंपनीला फिकीर नव्हती, कारण ते वर येणारच नव्हते. कपड्यांचा नियम वरच्यांनी आपापसांत पाळायचा होता. खालच्यांसाठी अडसर होते आणि बंद दारे होती.

त्या दारांची किंमत 1912 साली टायटॅनिकवर कळली. ब्रिटिश चौकशी अहवालाच्या आकड्यांनुसार पहिल्या वर्गातील 144 स्त्रियांपैकी 140 वाचल्या, तर तिसऱ्या वर्गातील 165 पैकी 76. एकूण प्रवाशांत पहिल्या वर्गाचे सुमारे 62 टक्के लोक वाचले, तिसऱ्याचे सुमारे 25 टक्के. तिसऱ्या वर्गाशी मुद्दाम भेदभाव झाला नाही, असा निष्कर्ष त्याच चौकशीने काढला. क्षणभर तो मान्य करू. मुद्दाम कोणी काही केले नसेल, तर मग दोष जहाजाच्या रचनेचाच होता. माणसांची जागा आधीच ठरवून ठेवली की आयत्या वेळी वेगळा भेदभाव करावा लागत नाही. जातीच्या समाजात राहणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या बंदराकडे येऊ. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर रात्री साहेब लोक काळ्या कोटात जेवायला बसत. त्यांना वाढणारे बहुतेक गोवेकर असत. डेकवर कोकणातले खलाशी असत आणि खाली इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारेही याच देशातले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश जहाजांवर असे सुमारे 50 हजार भारतीय कामगार होते. पगार गोऱ्या खलाशाच्या निम्म्याहूनही कमी. त्यांनाही पोशाखाचा नियम होता, पण तो कंपनीने ठरवलेला. एकाच भोजनगृहात दोन ड्रेस कोड होते : एक मान मिळवण्यासाठी, दुसरा नोकर कोण हे ओळखू यावे म्हणून.

बाबासाहेब याच कंपनीच्या बोटींनी गोलमेज परिषदांना गेले. 1930 साली 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया'ने आणि 1931 साली 'मुलतान'ने. ज्या समाजाला गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवू देत नव्हते, त्या समाजाचा प्रतिनिधी बॅरिस्टर म्हणून, सूट घालून त्या बोटीत चढला.

इथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे. पोशाखाचे नियम दोन प्रकारचे असतात. पहिला म्हणतो, "हे कपडे नसतील तर आत येऊ नका." दुसरा म्हणतो, "हे कपडे तुम्ही घालूच नका." क्रूझचा नियम पहिल्या प्रकारचा आहे. तो पैशाने पुरा करता येतो. जातीचा नियम दुसऱ्या प्रकारचा. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी इंदूर जिल्ह्यातील बलाईंचे उदाहरण दिले आहे. ते 1928 च्या जानेवारीत वर्तमानपत्रात आले होते. सवर्णांनी बलाईंना बजावले होते की जरीच्या काठाची पगडी बांधायची नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. इथे पैसे असणे हाच गुन्हा ठरत होता. वर्ग विचारतो, "तुझ्याकडे कोट आहे का?" जात विचारते, "तू कोट घालतोसच कसा?"

म्हणून बाबासाहेबांच्या सुटाला 'साहेबांची नक्कल' म्हणणारे लोक इतिहास विसरतात. डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी आपल्या स्त्रियांना सांगितले की लुगडे वरच्या जातीच्या बायकांसारखे नेसा, अस्पृश्यतेची खूण असलेले दागिने टाकून द्या. 1931 साली गांधीजी पंचा नेसून बकिंगहॅम राजवाड्यात गेले. ज्याचा मान जन्माने शाबूत आहे, तो कपडे कमी करूनही मोठा ठरतो. ज्याच्या अंगावरचे धड कपडेच कोणाच्या तरी डोळ्यांत खुपतात, त्याला चांगला कपडा घालणे हीच बंडखोरी असते. 2023 साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातल्याच्या रागातून मारहाण झाली. बलाईंवरचा नियम कागदावरून गेला, डोक्यातून गेला नाही.

मग क्रूझचा नियम पैशाने पुरा होतो म्हणून तो निर्दोष ठरतो का? नाही. 2000 साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 'फ्रीस्टाइल' नावाखाली सक्तीच्या फॉर्मल नाइट सोडून दिल्या. इतर कंपन्यांनीही नियम सैल केले, कारण सामान्य ग्राहक हवा होता. क्युनार्डने गाला रात्री राखल्या. पण क्युनार्डच्याच जहाजांवर महागड्या स्वीटमधल्या प्रवाशांसाठी वेगळी 'ग्रिल' भोजनगृहे आहेत. तिथे नुसता डिनर जॅकेट घालून कोणाला बसता येत नाही. म्हणजे कोट पुरेसा नाही, खोलीचे भाडेही हवे. कपड्यावरची पायरी पुसली तरी ती तिकिटावर पुन्हा उमटू शकते.

त्यामुळे केवळ ड्रेस कोड गेला म्हणून टाळ्या वाजवू नयेत. आपल्याकडे 2014 साली चेन्नईच्या एका क्रिकेट क्लबने वेष्टी नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना अडवले. गदारोळ झाला, आणि अशी अडवणूक रोखणारा कायदा तमिळनाडूने त्याच वर्षी केला. चांगलेच झाले. पण न्यायाधीशांना दार उघडले म्हणून त्या क्लबात ताटे धुणाऱ्याला टेबलाशी बसता येईल का?

कोणताही ड्रेस कोड समोर आला की तीन गोष्टी विचारा. तो कामाच्या सुरक्षिततेसाठी आहे की प्रतिष्ठेसाठी? तो कोणी ठरवला? आणि तो पाळल्यावर दार खरोखर सर्वांना उघडते का? सूट जरूर घाला, ताठ मानेने घाला. मात्र आत बसल्यावर वाढणाऱ्याच्या गणवेशाकडे पाहा, आणि त्याला पगार किती, त्याच्या कामाचे तास किती, तो झोपतो कुठे, हेही विचारा. बाबासाहेब त्या बोटीत चढले ते मागे राहिलेल्यांचे म्हणणे मांडायला. आपल्या अंगावरच्या कोटानेही तेवढे काम केले पाहिजे.