गाडी कोणत्या सालात थांबवायची?

प्रस्तावना

एका जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या दारावर मी ओला पॉलिशपेपर फिरवत होतो. वरचा मरून रंग पाण्याबरोबर ओघळून गेला, त्याखाली काळा निघाला. काळ्याखाली करडं अस्तर आणि त्याच्याही खाली, बोटभर जागेत, आकाशी. छपराच्या कडेला मरूनखाली पिवळा होता. म्हणजे कारखान्यातून आकाशी रंगात निघालेली ही गाडी मधली काही वर्षं टॅक्सी म्हणून धावली होती आणि पुढे कुणाच्या तरी घरची मरून गाडी झाली होती. एकाच दारात तीन गाड्या. मदतीला आलेल्या मिस्त्रींनी विचारलं, “मग साहेब, आता यातला कुठला मारायचा?”

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. जुन्या गाड्यांच्या जीर्णोद्धाराचा सगळा अभ्यास याच प्रश्नाभोवती फिरतो, हे पुढे हळूहळू उमगलं. गाडी ‘मूळ रूपात’ आणायची, असं आपण सहज म्हणतो. पण मूळ म्हणजे कोणत्या सालातलं? कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली त्या दिवशीचं, की ज्या वर्षांत तिनं सर्वांत जास्त माणसं वाहिली तेव्हाचं? घरच्या शेडमध्ये पाना हातात घेणाऱ्या प्रत्येकाला या विषयात मनापासून बोलावायचं आहे. फक्त येताना हा प्रश्न सोबत घेऊन यावं.

आधी शब्दांचा हिशेब करू. इंग्लंडमधल्या शौकिनांच्या काटेकोर भाषेत ‘व्हिंटेज’ म्हणजे 1919 ते 1930 या काळात बनलेली गाडी; त्याआधीच्या आणि नंतरच्या गाड्यांना वेगळी नावं आहेत. जुन्या वाहनांच्या क्लबांचा जागतिक महासंघ ‘फिवा’ किमान तीस वर्षांचं, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जपलेलं आणि रोजच्या वापरात नसलेलं वाहन ऐतिहासिक मानतो. आपल्याकडे 2021 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ ठरवलं. त्यांच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. रोज कामावर नेता येत नाही. या मोजपट्टीनं 1974 सालच्या पद्मिनी आत्ता कुठे व्हिंटेजच्या उंबरठ्यावर आल्या आहेत. मराठी बोलण्यात मात्र आजोबांची कुठलीही गाडी व्हिंटेजच असते, आणि इथंही मी तोच सैल अर्थ चालवला आहे.

उदाहरणादाखल मी वारंवार फियाट-पद्मिनीकडे वळतो, त्याला घरगुती कारण आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांच्या पुढाकारानं 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लर समूहाच्या गाड्या जुळल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. 1953 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात दांते जियाकोसा यांच्या देखरेखीखाली घडलेली नवी फियाट 1100 लोकांसमोर आली, आणि तिचाच वंश कुर्ल्यात अनेक नावांनी चार दशकांहून अधिक काळ चालला. 1970 च्या दशकात करार संपल्यावर ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली, नंतर पद्मिनी. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपून निवृत्त झाली. ज्या गाडीनं एका शहराचं चालणंबोलणं ठरवलं, तिच्या दुरुस्तीचं ज्ञान अजून हयात मिस्त्रींच्या हातात आहे. अभ्यासकाला याहून चांगली वेळ मिळणार नाही, आणि ही वेळ फार काळ टिकणारही नाही.

हे ज्ञान बोलण्यातही साठलेलं आहे. जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. तो शब्द वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेल्या कंपनीच्या चाकावरून आला. ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला गॅरेजात ‘डेलको’ म्हणतात, इंजिनावर चालणाऱ्या पेट्रोल पंपाला ‘एसी पंप’. दोन्ही अमेरिकन कंपन्यांची नावं. स्प्रेच्या रंगाला अजून ‘ड्यूको’ म्हणणारे पेंटर आहेत. ते 1920 च्या दशकातल्या ड्यूपाँटच्या लॅकरचं नाव. कंपन्या गेल्या, भाग बदलले, शब्द मिस्त्रींच्या तोंडी राहिले. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की गाडी उघडण्याआधी वही उघडा. मिस्त्री ज्या भागाला जे नाव देतात ते तसंच लिहा. प्रत्येक भाग सुटण्यापूर्वी त्याचा फोटो काढा, नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठी चिकटवा. सहा महिन्यांनी तीच चिठ्ठी तुमचा गुरू होते.

नटसुद्धा वाचता येतो. जोसेफ व्हिटवर्थनं 1841 मध्ये स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण सुचवलं आणि जुन्या इंग्लिश गाड्या त्या मापाच्या पान्यांनी खोलायच्या असतात. फियाट इटालियन, तिला मेट्रिक पाने लागतात. 1920 च्या दशकातल्या मॉरिस गाड्यांची गंमत निराळी. त्यांचं इंजिन मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कॉव्हेंट्रीतल्या कारखान्यात मेट्रिक यंत्रांवर बनत असे. त्यामुळे आटे मेट्रिक. पण इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकाच्या घरी व्हिटवर्थचे पाने, म्हणून नटाची डोकी त्या मापाची. एका बोल्टमध्ये दोन देशांची तडजोड. असा बोल्ट हरवला आणि बाजारातला ‘जवळपास बसणारा’ घातला, की एक पुरावा कायमचा जातो.

आता प्रत्यक्ष कामाकडे. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन बहुधा जाम असतं, कारण पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजानं चिकटतात. अशा वेळी बॅटरी लावून सेल्फ मारणं हा सर्वांत महाग उतावळेपणा. त्यात रिंग तुटते, कधी सिलिंडरला ओरखडा पडतो. त्याऐवजी चारही प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडावं आणि आठवडाभर गाडीकडे बघू नये. मग क्रँकच्या पुलीच्या नटावर पाना लावून हलक्या हातानं पुढे-मागे, पुढे-मागे. पहिल्या खेपेला सुईच्या टोकाएवढी हालचाल झाली तरी ती विजयाची खूण समजावी. फियाटचं हे इंजिन 1089 सीसीचं, 68 मिलिमीटर व्यासाच्या चार सिलिंडरांचं, 75 मिलिमीटर स्ट्रोकचं. साधं आणि सोशिक. ठिणगीचा क्रम 1-3-4-2. हा क्रम, सीबी पॉइंटमधली 0.4 मिलिमीटरच्या आसपासची फट आणि स्वच्छ कार्ब्युरेटर एवढं जमलं की पहिली धडधड ऐकू येण्याची शक्यता बरीच वाढते.

इंजिनापेक्षा खरी परीक्षा पत्र्याची. पद्मिनीला वेगळी चासी नाही. फरशी, दाराखालचे सिल, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा सांगाडा होतो. कोकण-मुंबईच्या दमट हवेत पाणी सिलच्या पोकळीत साठतं आणि पत्रा आतून खाऊन टाकतं. बाहेरून रंग मात्र तुकतुकीत. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं सिल ठोकत जावं, आवाज बद्द आला की तिथं पोखरण आहे असं धरावं. सडलेला भाग कापण्यापूर्वी गाडीला खालून सारखा आधार द्यावा आणि दारं लावलेली असताना फटी मोजून लिहून ठेवाव्यात. तसं न केल्यास सांगाडा किंचित बसतो आणि नवा पत्रा वेल्ड झाल्यावर लक्षात येतं, की दार पुन्हा कधीच नीट लागणार नाही. गंजक्या भोकावर जाड लांबी भरून वर रंग मारणं हा गाडी विकणाऱ्याचा उपाय आहे, राखणाऱ्याचा नव्हे. लांबी ओल धरते आणि तिच्याआड गंज निवांत वाढतो.

छोटे गंजके भाग घरी विजेनं साफ करता येतात. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजक्या भागाला आणि धन तार साध्या लोखंडाच्या तुकड्याला. तिथं स्टेनलेस स्टील चुकूनही लावू नये. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून काम मोकळ्या हवेत करावं आणि जवळ ठिणगी नसावी.

घरच्या शेडची मर्यादा ओळखणं हीसुद्धा विद्याच आहे. सिलिंडर बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, ड्रम टर्न करणं ही लेथवाल्याची कामं. ती त्याच्याकडेच द्यावीत. ब्रेक मात्र स्वतः समजून घ्यावेत. अशा बऱ्याच जुन्या गाड्यांत चारही चाकांची ब्रेकची लाइन एकच असते. एक नळी फुटली की पायाखाली काहीच उरत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे ते दोन वर्षांनी बदलायलाच हवं, गाडी एक किलोमीटर चालली असो वा नसो. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या नळीनं कधीच उडवू नये, ओल्या फडक्यानं पुसावी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडी घासाई नको. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, एका मिनिटासाठीही, जाऊ नये. घोड्या लावल्याशिवाय शेडमध्ये काम सुरूच होत नाही, हा माझ्या घरचा कायदा आहे.

जीर्णोद्धाराचे फोटो निघतात, निगेचे निघत नाहीत. पण गाडी जगते ती निगेवर. पेट्रोलचंच पाहा. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. हवेसाठी ती मोठीच गोष्ट झाली. पण बिडाच्या हेडमध्ये थेट कापलेल्या व्हॉल्व्ह सीटवर शिशाचा जो पातळ थर बसायचा तो गेला. अशा इंजिनांना हेड उघडल्यावर कडक पोलादाच्या सीट बसवून घेणं शहाणपणाचं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरतं, जुन्या रबरी नळ्या मऊ करतं, टाकीत गंज वाढवतं, आणि त्यात मुळातच ऑक्सिजन असल्यानं जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं. त्यामुळे नळ्या बदलणं, जेट तपासणं आणि गाडी महिनोन्महिने टाकी भरून उभी न ठेवणं, हे नव्या काळाचं पथ्य. पावसाळ्यात मी पंधरा दिवसांतून एकदा तरी इंजिन पुरतं गरम होईपर्यंत गाडी चालवतो. दोन मिनिटं चालू करून बंद केलेलं इंजिन सायलेन्सरमध्ये पाणी सोडून जातं. त्यापेक्षा ते चालू न केलेलं बरं.

पुन्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. फिवानं 2012 मध्ये मंजूर केलेली ट्यूरिन सनद 1964 च्या व्हेनिस सनदेच्या वाटेनं जाते. इमारती आणि स्मारकं जपताना जो विचार केला जातो तोच ती वाहनांना लावते. तिचं सार मी माझ्या शब्दांत असं मांडतो, की जेवढं कमी बदलता येईल तेवढं बदला, बदलाल ते नोंदवा, आणि गाडीवर वापराच्या ज्या खुणा साचल्या आहेत त्यांनाही इतिहास समजा. ही दृष्टी आली की मिस्त्रींचे जुगाडही वेगळे दिसू लागतात. कुणीतरी मूळ डायनामोच्या जागी बसवलेला अल्टरनेटर, टॅक्सीच्या काळातलं मीटरचं भोक, सीटवरचं चौकड्यांचं रेक्झिन. यातलं काय काढायचं आणि काय राखायचं याचं तयार कोष्टक कुणाकडेही नाही. सुरक्षिततेच्या आड येतं ते काढावं. बाकीच्याला आधी प्रश्न विचारावा.

त्या पद्मिनीची फरशी आणि दोन्ही सिल मी नवी केली, कारण तिथं पर्याय नव्हता. बाहेरचा मरून रंग ठेवला. त्याच रंगात तिच्या शेवटच्या घरच्यांनी तिला ओळखलं होतं आणि नोंदणी पुस्तिकेतही तोच होता. दाराच्या आतल्या कडेला मात्र तळहाताएवढी जागा घासलेली तशीच सोडून वर पारदर्शक लॅकर मारलं. दार उघडलं की तिथं मरून, काळा आणि आकाशी असे तीनही थर दिसतात. मिस्त्रींना आधी हा अर्धवटपणा वाटला. आता शेडमध्ये पाहुणे आले की तेच दार उघडून दाखवतात आणि टॅक्सीच्या दिवसांपासून गोष्ट सुरू करतात.

तुमच्या गाडीचं उत्तर निराळं असेल, तसंच असावं. फक्त पहिला पॉलिशपेपर फिरवताना हात थोडा हलका ठेवा.