आडव्या तेलविहिरीतील वायुसंचय

आडव्या तेलविहिरीतील वायुसंचय म्हणजे विहीर खोदत असताना खडकातील नैसर्गिक वायू तिच्या आडव्या भागात शिरणे व तेथे साठून राहणे. हा वायू केव्हा आणि कसा वर सरकेल, याचा अंदाज बांधण्यासाठी गणिती प्रतिमाने वापरतात. अशी विहीर प्रथम उभी खोदतात आणि मग तिला हळूहळू वळण देऊन तेल वा वायू असलेल्या थरातून आडवी नेतात. मुंबई हाय क्षेत्रातही अशा विहिरी आहेत.

दाबाचे गणित

खोदताना विहिरीत जड चिखल फिरता ठेवतात. तेलक्षेत्रात त्याला ‘मड’ म्हणतात. त्याच्या दाबामुळे खडकातील वायू आत येत नाही. हा दाब चिखलाच्या उभ्या उंचीवर अवलंबून असतो, विहिरीच्या लांबीवर नव्हे. आडवी विहीर फसवी ठरते ती यामुळेच. समजा, २१.६ सेंमी व्यासाच्या विहिरीत १२.७ सेंमी व्यासाची नळी आहे. नळीभोवतीच्या पोकळीत दर मीटरला सुमारे २४ लिटर चिखल मावतो. तेथे १ घनमीटर वायूने संपूर्ण पोकळी व्यापली, तर तो सुमारे ४२ मीटर जागा घेईल. चिखल पाण्याच्या १.२ पट जड असल्यास उभ्या विहिरीत तळावरचा दाब यामुळे जवळजवळ ५ बारने उतरतो. आडव्या भागात तो मुळीच उतरत नाही. विहीर बंद केल्यावर नळीतील व पोकळीतील दाब जवळपास सारखेच दिसतात. वायू आल्याची खूण उरते ती मुख्यतः पृष्ठभागावरील टाकीत वाढलेल्या चिखलाची.

साठणे आणि सरकणे

हलका वायू छिद्राच्या वरच्या बाजूला चिकटून राहतो. ‘आडवी’ विहीर प्रत्यक्षात क्वचितच सपाट असते. तिच्या चढउतारांतील उंचवट्यांत आणि खडक ढासळून रुंद झालेल्या जागी वायूचे कप्पे तयार होतात. विहिरीचे टोक किंचित वर झुकले असेल, तर वायू त्या टोकाशी अडकतो. चिखलाचा प्रवाह मंद असल्यास तो तेथून हलत नाही.

वळण ओलांडून उभ्या भागात आल्यावर चित्र पालटते. ३००० मीटर खोलीवर वरील चिखलाचा दाब सुमारे ३५० बार असतो. बॉइलच्या नियमानुसार, तापमानातील बदल सोडून दिल्यास, मोकळ्या विहिरीत निम्मे अंतर चढेपर्यंत वायू फक्त दुप्पट होतो, ३०० मीटर खोलीवर सुमारे दहापट होतो आणि उरलेला प्रचंड विस्तार अखेरच्या टप्प्यात होतो. उलट विहीर बंद ठेवून वायूला फुगू दिले नाही, तर तो तळाचा दाब घेऊनच वर चढतो आणि सगळ्या विहिरीवरील ताण वाढवतो.

प्रतिमाने

सुरुवातीची प्रतिमाने वायूला एकच सलग बुडबुडा मानीत. आडव्या भागासाठी ही कल्पना तोकडी आहे. झुबर व फिंडले यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत वायूचा वेग दोन भागांचा धरतात: मिश्रणाबरोबरचा आणि चिखलाच्या तुलनेत सरकण्याचा. दुसरा भाग विहिरीच्या कलानुसार बदलावा लागतो, कारण आडव्या नळीत उत्प्लावनबल वायूला पुढे ढकलत नाही.

चिखल तेलाधारित असेल, तर मिथेन त्यात विरघळतो आणि पृष्ठभागाजवळ दाब उतरल्यावर अचानक सुटतो. त्यामुळे विद्राव्यतेचे समीकरण वगळलेले प्रतिमान या ठिकाणी धोक्याचे ठरते. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातील मकाँडो विहिरीच्या स्फोटात ११ कामगार मरण पावले. ती विहीर आडवी नव्हती. तरीही कर्मचाऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत वायू समुद्रतळावरील झडपसंच ओलांडून वरच्या नळीत शिरला होता.