यादीत नसलेली वाडी

अनिश्चिततेच्या पायऱ्या दाखवणारे शब्द मराठीत पुष्कळ आहेत. क्वचित, कदाचित, बहुधा, प्रायः, हमखास. यांतला एक शब्द निवडताना बोलणारा नकळत मोजमाप करत असतो. दहावीच्या गणितातील ‘संभाव्यता’ हे प्रकरण याच पायऱ्यांना आकडे देते. अशक्य घटनेला 0, निश्चित घटनेला 1 आणि उरलेले सारे जग या दोहोंच्या दरम्यान. साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकरणाकडे वळावे असे वाटते, त्याचे कारण खालापूर तालुक्यात आहे.

इर्शाळवाडी ही चौकजवळची, इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकर समाजाची वस्ती. तेथे जायला गाडीरस्ता नव्हता. 19 जुलै 2023 च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले. 23 जुलैला शोधकार्य थांबवले तेव्हा आणखी 57 माणसे बेपत्ता होती. तीन दिवसांत त्या परिसरात 499 मिलिमीटर पाऊस झाल्याचे शासनाने विधिमंडळात सांगितले. संभाव्य दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, हेही त्याच वेळी सांगण्यात आले.

हे दुसरे वाक्य नीट वाचायला हवे. ‘यादीत नाव नाही’ याचा अर्थ ‘तेथे धोका आढळला नाही’ इतकाच होतो. ‘तेथे धोका नाही’ हे त्यापुढचे विधान आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. यादीला दोनच कप्पे असतात, आत आणि बाहेर. ‘क्वचित’ आणि ‘बहुधा’ यांना तिथे जागा नसते. बाहेरच्या कप्प्यातल्या साऱ्या वाड्यांना मग न लिहिलेले शून्य मिळते.

संभाव्यताशास्त्राच्या इतिहासात हा पेच जुना आहे. 1654 साली पास्कल आणि फर्मा यांनी अर्धवट सुटलेल्या जुगारातील रकमेची न्याय्य वाटणी कशी करावी, यावर पत्रव्यवहार केला. फाशाच्या सहा बाजू समसंभाव्य असतात. त्यामुळे खेळ न खेळताही उत्तर काढता येते. डोंगराला अशा बाजू नसतात. याकोब बर्नुलीच्या, 1713 साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही अडचण मांडलेली आहे. माणूस कोणत्या वयात मरेल हे फाशासारखे मोजता येत नाही. पुष्कळ माणसांचे काय झाले ते पाहून अंदाज बांधावा लागतो. संभाव्यतेचा हात सांख्यिकीच्या हातात पडतो तो येथे.

पण जे आजवर एकदाही घडलेले नाही, त्याचे काय? लाप्लासने यावर नियम दिला. एखादी घटना ‘न’ वर्षांत एकदाही घडली नसेल आणि तिच्याविषयी दुसरी काही माहिती नसेल, तर पुढच्या वर्षी ती घडण्याची संभाव्यता 1 भागिले (न + 2) धरावी. शंभर वर्षे दरड न आलेल्या वाडीला हा नियम 1/102 देतो. आकडा लहान आहे, पण शून्य नाही. शिवाय डोंगराचा उतार, मातीचा थर, पाण्याच्या वाटा यांची माहिती असेल तर तो बदलायलाच हवा.

लहान आकडाही वर्षांमागून वर्षे साचत जातो. दर वर्षी 1 टक्का धोका आहे आणि एका वर्षाचा दुसऱ्याशी संबंध नाही, असे माना. एक वर्ष सुखरूप जाण्याची संभाव्यता 0.99. पन्नास वर्षे सुखरूप जाण्यासाठी 0.99 ला स्वतःशीच पन्नास वेळा गुणावे लागते. उत्तर येते सुमारे 0.61. म्हणजे त्या काळात एकदा तरी दरड येण्याची संभाव्यता 39 टक्क्यांच्या घरात जाते. ‘क्वचित’ हा शब्द एका वर्षासाठी खरा असतो. एका आयुष्यासाठी तो पुरत नाही.

ही विचारपरंपरा आपल्याला परकी नाही. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांचे विद्यार्थी होते. पुढे त्यांनी पुणे विद्यापीठात या विषयाचा पाया घातला. त्यांचे गुरू जेफ्रीज हे संभाव्यतेचे तत्त्वचिंतक तसेच भूकंपांचे अभ्यासक. अपुऱ्या पुराव्यावरून पृथ्वीविषयी काय म्हणता येईल, हा त्यांच्या दोन्ही विद्यांना जोडणारा प्रश्न होता.

सरासरीच्या बाबतीतही असेच सावध राहावे लागते. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला 73. दोहोंचा मध्य 508 च्या आसपास येतो आणि तो दोन्हीपैकी एकाही ठिकाणचा नाही. पर्जन्यमापक जेथे उभा असतो तेथलाच पाऊस मोजतो. तालुक्याच्या गावी नोंदलेला आकडा इर्शाळगडाच्या उतारावर कितपत लागू पडतो, हा प्रश्न आकडा वाचतानाच विचारायला हवा.

याच मुलखात अनिश्चितता गंभीरपणे घेण्याचा एक जुना नमुनाही आहे. कर्जतहून बोरघाट चढणारा लोहमार्ग 1863 साली खुला झाला. पावसाळ्यात त्या घाटात रेल्वेची गस्त असते, कड्यांवर जाळ्या बसवल्या जातात. अमुक दगड आज पडेल असे कोणीच सांगू शकत नाही. पडू शकतो, एवढ्यावर माणसे नेमली जातात. सह्याद्रीची रांग तीच, पाऊसही तोच. रुळांना ‘कदाचित’चे संरक्षण मिळाले; वाडीचे नाव मात्र यादीतही आले नव्हते.

दासगाव-जुई 2005, माळीण 2014, तळिये 2021, इर्शाळवाडी 2023. ही नावे आता इतिहासात आहेत आणि मोजणीतही. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर अजून अनेक वाड्या आहेत. त्यांच्याविषयीच्या अहवालात ‘नोंद नाही’ असे लिहिलेले आढळले, तर ते शून्य म्हणून वाचू नये, एवढी वाचनाची सवय भाषेच्या वर्गातही लावता येईल.