गाडी जॅकवर आहे? मग खाली शिरू नका

ऑइल बदलायला किंवा सायलेन्सर बघायला घरीच गाडी उचलताय? जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. डिकीतला स्क्रू जॅक चाक बदलण्यापुरताच. गाडी जरा हलली की तो कलंडू शकतो. हायड्रॉलिक जॅकचं सील गळलं तर गाडी हळूहळू, कधी एकदमही खाली येते.

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रश्न जमिनीचाही आहे. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव भागातली काळी माती पावसात इतकी मऊ होते, की जॅकचा तळहाताएवढा पाया सरळ रुततो. जाड फळी टाकून चाक बदलता येईल. पण गाडीखाली जायचं असेल तर सपाट काँक्रीटच हवं, अंगण नको.

हँडब्रेकवर विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो फक्त मागची चाकं धरतो. तीच दोन्ही उचलली तर उपयोग शून्य! गाडी पहिल्या गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर) ठेवा आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा.

जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावायचा. मग जॅक स्टँडची जोडी ठेवून गाडी त्यांवर उतरवा, हाताने ढकलून पाहा, मगच खाली जा. स्टँडऐवजी विटा किंवा पोकळ सिमेंट ब्लॉक? अजिबात नाही. ते वाकून इशारा देत नाहीत, थेट फुटतात. चाक काढलं असेल तर तेही गाडीखाली आडवं सरकवून ठेवा.