मधोमध झिजलेली खाच

साल 1956. राहुरीत नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली तुम्ही उकिडवे बसला आहात. हात कोपरापर्यंत रॉकेलनं ओले. समोर गोणपाटावर स्टेअरिंग बॉक्स खोलून ठेवलाय. रस्त्यानं बैलगाड्या चालल्यात आणि त्यांचा फुफाटा तेलावर बसू नये म्हणून मिस्त्रींनी छर्‍यांच्या वाटीवर धोतराचा तुकडा टाकलाय.

गाडी लढाईतली, विलिस. तुम्ही तिला जीप म्हणता. अमेरिकी लष्कराच्या कागदोपत्री मात्र ती पाव टनी ट्रक आहे. विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी युद्धकाळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. ही युद्धानंतर लष्करानं विकायला काढलेल्या, म्हणजे डिस्पोजलच्या मालातून इथवर आली. तिचं स्टेअरिंग डावीकडे. ड्रायव्हर रस्त्याच्या कडेशी बसतो, त्यामुळे बैलगाडी ओलांडताना समोरून येणारी मोटार त्याला उशिरा दिसते. त्या क्षणी स्टेअरिंग चार बोटं नुसतंच फिरलं, तर जीवावर बेततं.

"प्ले आलाय, स्क्रू आवळू का?" तुम्ही विचारता.

"आवळू नको, पोरा. आधी आत बघ."

स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला मळसूत्रासारखी खोल खाच आहे. तिच्यात आडव्या शाफ्टच्या दोन निमुळत्या खुंट्या बसतात. स्टेअरिंग फिरलं की खाच खुंट्यांना ढकलते, शाफ्ट वळतो, बाहेरचा ड्रॉप आर्म हलतो आणि चाकं वळतात. तुम्ही खाचेतून नख फिरवता. दोन्ही टोकांना ती गुळगुळीत आहे. मधोमध नख अडकतं.

"गाडी जास्त करून सरळच चालती," मिस्त्री म्हणतात, "म्हणून मधीच झिजती. तू मधला प्ले आवळशील, अन् वळणावर स्टेअरिंग धरून बसंल."

जुन्या साठ्यातला दांडा आणि शाफ्ट मिस्त्रींनी मिळवलेत. पितळी बुश नगरहून लेथवर करून आणलाय. खुंट्यांना तुम्ही तेलात कालवलेला शेंदूर लावता, शाफ्ट बसवून फिरवता, पुन्हा काढता. खाचेच्या दोन्ही भिंतींवर लाल रेघ सारखी उमटलीय. मिस्त्री मान हलवतात. शेंदूर पुसून तुम्ही छर्रे लावता. झाकणाखालच्या कागदासारख्या पातळ शिमा एकेक कमी करता. दांडा वरखाली हलायचा थांबतो, तरी दोन बोटांनी फिरतो. तिथं हात थांबवायचा.

आता या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरे मोजायचे आणि बरोब्बर निम्म्यावर यायचं. बाजूचा स्क्रू तिथंच, थोडा थोडा फिरवायचा. मधून जाताना हाताला किंचित ओढ लागली पाहिजे, दोन्हीकडे मोकळं सुटलं पाहिजे. स्क्रू तसाच धरून तुम्ही नट आवळता. शेवटी गिअरचं जाड तेल. ग्रीस भरायचं नाही, कारण खुंटीनं बाजूला सारलेलं ग्रीस खाचेत परत येत नाही.

उन्हं उतरताना गाडी रस्त्यावर येते. मिस्त्री शेजारी बसतात, गप्प. पुढं बैलगाडी दिसते. तुम्ही स्टेअरिंग दोन बोटं वळवता आणि चाकं त्याच क्षणी वळतात. बैलांच्या घुंगरांचा आवाज मागं पडतो. मग वळण येतं, संपतं, आणि स्टेअरिंग तुमच्या तळव्यांतून आपसूक सरकत सरळ होतं.