रोहिणीची रेघ

मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या गावांत ‘रोहिण्या निघाल्या’ असं म्हणतात आणि कुळवाच्या पाळ्या उरकायची घाई सुरू होते. गंमत अशी, की त्या दिवसांत रोहिणी दिसतच नाही. नक्षत्र निघालं म्हणजे सूर्य त्या ताऱ्याजवळ आलेला, आणि तारा त्याच्या उजेडात बुडालेला. तिचा तांबूस ठिपका पाहायचा तो थंडीतल्या रात्री. नावातही तोच रंग आहे: ‘रोहित’ म्हणजे तांबडा.

हा तांबडा राक्षसी तारा सुमारे ६५ प्रकाशवर्षं दूर आहे आणि सूर्याच्या चाळीसपटींहून रुंद. अशा ताऱ्यांचं वरचं विरळ वातावरण वाचण्याच्या विद्येचा एक धागा हैदराबादेत सापडतो, तेव्हा बीडही ज्या निजामी राज्यात होतं त्याच्या राजधानीत. तिथल्या निजामिया वेधशाळेतल्या एका कर्मचाऱ्याचा मुलगा, वेणू बाप्पू, पुढे हार्वर्डला गेला.

१९५७ साली खगोलशास्त्रज्ञ ओलिन विल्सन आणि बाप्पू यांनी १८५ ताऱ्यांचे वर्णपट मांडले. कॅल्शियमच्या जाड काळ्या रेषेच्या पोटात एक बारीक उजळ रेघ असते. ती पृष्ठभागाची नव्हे, त्यावरच्या तापलेल्या थराची, क्रोमोस्फिअरची. रेघ जितकी रुंद, तितका तारा मुळात तेजस्वी! राक्षसी ताऱ्यांत ती ऐसपैस पसरते. रुंदी मोजली की तेज कळतं, आणि तेज कळलं की अंतरही काढता येतं. एवढा साधा हिशेब आधी कुणाला दिसला नाही, याचंच नवल.

कॅल्शियमची ही रेघ जमिनीवरून दिसते. मॅग्नेशियमची तशीच जोडरेघ मात्र २८० नॅनोमीटरच्या आसपास, अतिनीलात पडते आणि ओझोन तिला वरच अडवतो. मग दुर्बीणच वर न्यावी लागली. २६ जानेवारी १९७८ रोजी सुटलेल्या आययूई उपग्रहाने १८ वर्षं ताऱ्यांचे अतिनील वर्णपट घेतले. त्यांतल्या सुरुवातीच्या वर्णपटांवरून १९७९ साली लिन्स्की आणि हायश या खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांमध्ये एक हद्द आखली: अलीकडे सूर्यासारखे, लाख अंशांचा वायू बाळगणारे, पलीकडे रोहिणीसारखे थंड राक्षसी, ज्यांत तो वायू आढळलाच नाही.

ही हद्द वाटली तितकी पक्की निघाली नाही. हबल दुर्बिणीने स्वाती आणि रोहिणी या पलीकडच्या ताऱ्यांतही त्या तप्त वायूच्या क्षीण रेषा टिपल्या. थंड थराखाली गाडल्यासारख्या.

पुण्याच्या आयुकात घडलेली ‘सूट’ दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ यानातून गेली. ती मॅग्नेशियमच्या याच जोडरेघेत सूर्य पाहते. मेअखेरीस रोहिणीला झाकणारा तोच सूर्य.